दोन बोटं जास्त

३ फेब्रुवारी

ही वही पाळकबाईंनी वर्गाच्या कामासाठी दिली आहे. कोणत्या बाईला काय जमतं, कोणाची शिवण वाकडी जाते, ते मी लिहून ठेवायचं. म्हटलं, बाई, माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीतही मी बहुतेक वर्गाबाहेरच उभा असायचो. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला जे दिसेल ते लिहा." तीच तर पंचाईत आहे. मला हल्ली किती दिसतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

हकिकत अशी. आमच्या चर्चच्या मागे एक लांब खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकायचे. आता समुद्रापलीकडच्या एका चर्चने आमच्या चर्चशी सोबत केली आहे. तिकडून कापड, पाच पायमशिनी आणि ऑर्डरी येणार. इकडे आठ बायका शिवणार, कशिदा काढणार, आणि त्यांच्या हाताला कायमचं काम मिळणार. कापड बेतायला माणूस हवा म्हणून पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, स्वतः घरी आल्या. "बेतायला तुम्हीच हवेत," असं दोनदा म्हणाल्या. मीच का? माझ्याहून तरुण, डोळस टेलर याच रस्त्यावर तीन आहेत.

ताईने लगेच मला ढकललं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही दोघंच राहतो. "जा की. घरी बसून गॅसचं बटण बंद आहे का ते दिवसातून वीस वेळा बघतोस, त्यापेक्षा बरं."

वीस नाही. चार-पाच वेळा.

७ फेब्रुवारी

आठही जणी आल्या. मला उगाच घाम फुटला. एक्केचाळीस वर्षं दुकान चालवलं, पण बायकांना शिकवलं नाही कधी. त्यातली एक सारखी बोलत असते. तीन मुली, नवरा घर सोडून गेलेला, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. बाकीच्या तिला बडबडी म्हणतात आणि तिलाही ते आवडतं.

"मास्तर, एवढं मोठं दुकान होतं तुमचं. एखादी बाई कामाला ठेवली नाहीत ती?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुटतं. पुरुषांचे कपडे शिवायचो मी."

"मग आम्हाला शिकवताना काय तुटतंय?" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी बॉबिन भरायला लागलो. भरलेलीच होती.

९ फेब्रुवारी

त्या प्रश्नाने दोन दिवस डोकं खाल्लं. लिहून टाकतो म्हणजे सुटेल.

माझ्या मुलीलाही मी हेच म्हटलं होतं. बारा वर्षांपूर्वी. बावीस वर्षांची होती, हात माझ्याहून साफ. काज करायची तर बघत राहावं. म्हणाली, "बाबा, मला दुकानात मशीनवर बसू द्या." मी म्हटलं, गिऱ्हाईक तुटतं. तीन महिने रोज तेच विचारायची, रोज मी तेच सांगायचो. मग एका सकाळी म्हणाली, "ठीक आहे, मी दुसऱ्याच्या मशीनवर बसते," आणि निघाली. तिची आई दारात उभी होती. मी एका कोटाच्या बाहीत अडकलो होतो. बाही पुरी करून उठलो तोवर रस्ता रिकामा.

वर्षाने तिचं पत्र आलं. मी ते अर्धं वाचलं आणि मला इतका राग आला की हातात कात्री होती, समोर कागद होता, मी त्याचा कॉलरचा फर्मा, म्हणजे कापडावर ठेवून बेतायचा नमुना, कापला. टेलर माणूस कागद फाडत नाही, कापतो. उरलेला कागद कचऱ्यात गेला, त्यावरच पत्ता होता. तीन वर्षांनी तिची आई गेली तेव्हा कळवणार कुठे?

तो फर्मा अजून माझ्याकडे खिळ्याला आहे. त्यावर एवढंच उरलं आहे: "रागावला नसाल तर". पुढे कात्री फिरली आहे.

हे ताईलाही माहीत नाही.

२६ फेब्रुवारी

पलीकडून पहिलं पार्सल आलं. दोरे, सुया, टेप, खडू आणि एक मोठी कात्री. बडबडीने कात्री घेतली, कापड चावल्यासारखं झालं. दुसरीनेही बघितली, तिचंही तेच. "बिघडलेला माल पाठवला की हो मास्तर!" मी हातात घेतली. डाव्या हातात. पाण्यातून जावी तशी गेली.

मी डावखुरा. जन्मभर उजव्या हाताच्या कात्र्या डाव्या हाताने वापरल्या, अंगठ्याला घट्टा पडला तो कायमचा. ही कात्री उलटी आहे, डाव्या हाताची. कडीला पांढरी चिंधी गुंडाळलेली होती, प्रवासात घासू नये म्हणून असेल. काहीतरी चूक झाली असणार त्यांची. पाळकबाईंना म्हटलं, परत पाठवा, नाहीतर मागाहून आळ यायचा. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला चालते ना? मग राहू द्या." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

१८ मार्च

मोठी ऑर्डर. पलीकडच्या चर्चची बालवाडी आहे, तिच्यातल्या मुलींसाठी चाळीस फ्रॉक. छातीवर फुलाचा कशिदा. हे पास झालं तर वर्षभराचं काम, नाहीतर सोबत संपली. पाळकबाईंनी पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी पत्र, त्या आपल्या भाषेत सांगतात. एक पान मात्र त्यांनी मनातच वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"त्यात काय आहे?"

"खासगी आहे."

खासगी म्हणजे माझ्या डोळ्यांबद्दल. कोणीतरी कळवलं असणार.

२ एप्रिल

चाळीसही फ्रॉक बेतून झाले. तिकडून फर्मा आला होता, छापील, सुरेख. आठवडाभर टेबलाशी उभा होतो. पाय सुजले. पण बेताना मला बरं वाटतं. कात्री चालू असली की डोक्यातली चक्की बंद असते.

कशिद्याच्या बायकांनी फुलं काढली आहेत ती नुसती बघावीत. लाजरी म्हणून एक आहे, दोन महिने तोंड उघडलं नाही तिने. आज म्हणाली, "मास्तर, हे फूल माझं आहे." एवढंच.

११ एप्रिल

घात झाला.

पहिला फ्रॉक शिवून झाला म्हणून बडबडीने तिच्या धाकटीला घालून बघितला. पोर आत हरवली! खांदे कोपरापर्यंत. बडबडी म्हणाली, "ह्याच्यात अजून एक मावेल." मग कोणी हसलं नाही, कारण उरलेले एकोणचाळीसही तसेच कापलेले.

चूक माझी. सगळी माझी. आमच्या धंद्यात फर्म्यावरची रेघ म्हणजे शिलाईची रेघ. तिच्याबाहेर दोन बोटं कापड जास्त ठेवायचं, त्याला माया म्हणतात. लहान मुलांच्या कपड्यात तर ठेवायचंच. पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. माझ्या वडिलांनी मला तसं शिकवलं, मी माझ्या मुलीला शिकवलं. पण हा फर्मा छापील, जास्तीचं कापड त्याच्या आतच धरलेलं होतं. शिलाईची ठिपक्यांची रेघ आत होती, बारीक. मला ती दिसलीच नाही. मी बाहेरच्या रेघेच्याही बाहेर दोन बोटं सोडली.

आता पाळकबाईंना सांगावंच लागेल, डोळ्यांचंही.

१२ एप्रिल

सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. याचाच जास्त त्रास झाला.

म्हणाल्या, "नव्या मापाने आत शिवून घेऊ. उरलेलं कापड कापून टाकू, पत्रात लिहिलंय की आतली बाजू स्वच्छ हवी."

तिथे मात्र माझा आवाज चढला. "बाई, शिवण आत घ्या, पण कापड कापू नका. एकदा कापलं की गेलं. लेकरं वाढतात."

"मास्तर, ती तिकडची लेकरं आहेत. लहान झाला की ते नवीन घेतात."

"तिकडची काय वाढत नाहीत?"

मग बडबडी उठली. "बाई, माझ्या तिन्ही पोरी एकाच फ्रॉकवर वाढल्या. मास्तर म्हणतात ते बरोबर आहे. आतली कड आम्ही हाताने बारीक टाके घालून बांधू, स्वच्छ दिसेल." लाजरीनेही मान हलवली.

चाळीस फ्रॉक, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि खांदे. सगळं हाताने. माझ्या एका चुकीपायी आठ जणींच्या बोटांची चाळण होणार.

२९ एप्रिल

पार्सल गेलं. बडबडी म्हणते, पास होईल. ताई म्हणते, नाही झालं तर तू जेवण सोडशील, म्हणून होऊ दे.

२० मे

पत्र नाही.

३ जून

पत्र नाही. पोस्टमन मला बघून लांबूनच हात हलवतो.

आज चुकून लाजरीला मुलीच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली.

१७ जून

पत्र आलं! फ्रॉक पास. वर्षभराचं काम पक्कं. बायकांनी इतका गलका केला की पाळकसाहेब धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. बडबडीने माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मास्तर, आता तरी दुकानात बाई ठेवा." दुकान तर दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्याला दिलं, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी हसू आलं.

पत्रात पुढे असं: "आतलं जास्तीचं कापड बघून इथल्या तपासनीस बाईंनी सांगितलं आहे की यापुढे असंच पाठवा. कापणाऱ्या मास्तरांना कळवा, दोन बोटं म्हणजे दोन बोटं, त्यात कमी नको."

मी विचारलं, "तिकडे इंच मोजतात ना? बोटं कुठून आली?" पाळकबाई म्हणाल्या, "लिहिलंय तसं वाचलं." बहुतेक मला समजावं म्हणून त्यांनीच बोटं केली असतील. पान पुन्हा पर्समध्ये गेलं. आता डोळ्यांचं तर त्यांना माहीत आहे. मग त्या पानात काय असतं?

१८ जून

दोन बोटं. सकाळपासून तेच.

असं काही मनात आणू नये. या वयात आशा लावून घेतली तर पुन्हा उठता येत नाही.

९ जुलै

आज एकट्या फ्रॉकची मागणी आली. बालवाडीसाठी नाही. चिठ्ठीवर नुसती मापं. मुलगी, वय सात पूर्ण. उंची शेहेचाळीस. छाती तेवीस. फ्रॉकची लांबी पंचवीस. खाली: "उजव्या बाजूला नको, खिसा डाव्या बाजूला. डावखुरी आहे."

चिठ्ठी पाळकबाईंनी माझ्या हातात दिली. आजवर तिकडचं एकही पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं नव्हतं. चष्मा पुसला. अक्षर आपल्या भाषेतलं. मी ते ओळखलं असं म्हणवत नाही. अकरा वर्षं मी तिचे फक्त तीन शब्द बघत आलोय, तेही कॉलरवर. पण "डावखुरी"मधला "व" कॉलरवरच्या "रागावला"मधल्या "व"सारखाच वळलेला. स्टुलावर बसलो.

"मास्तर, पाणी देऊ?"

"नको. खडू संपलाय, आणायला जातो." खडूचा डबा समोर होता. बाहेर पडलो तो घरी आलो.

१० जुलै

वर्गाला गेलो नाही. ताईला पोट दुखतंय सांगितलं. तिने ओव्याचं पाणी दिलं आणि म्हणाली, "पोट दुखणारा माणूस चौकटीवर रेघा ओढत नाही."

मी दाराच्या चौकटीवर जमिनीपासून शेहेचाळीस इंच मोजून खडूची रेघ मारली होती. एवढीच बघायची होती, किती उंच ते. माझ्या छातीच्या थोडी खाली येते. हात पुढे केला तर डोक्यावर ठेवता येईल.

"पुसू का?" ताई म्हणाली.

"हात लावू नकोस."

तिने बराच वेळ रेघेकडे बघितलं. मग फडकं खांद्यावर टाकून आत गेली.

कात्रीची चिंधी सोडून बघितली. माझी पोर लहान असताना असंच करायची. माझ्या अंगठ्याला टोचू नये म्हणून कात्रीच्या कडीला चिंधी गुंडाळायची आणि शेवटची गाठ आतल्या बाजूला घ्यायची. म्हणायची, "गाठ बाहेर राहिली तर तीच टोचेल, बाबा." ही गाठही आत आहे.

आता विचारायला हवं. विचारलं आणि पाळकबाई म्हणाल्या, नाही हो मास्तर, ती दुसरीच कोणी, तर? न विचारता निदान रेघ तरी आहे.

१४ जुलै

विचारलं.

बायका यायच्या आधी गेलो. पाळकबाई मशिनींवरची फडकी काढत होत्या. मी तयारी करून गेलो होतो, पण तोंडातून भलतंच आलं. "ती जेवते का नीट?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "कोण, मास्तर?"

"माझी मुलगी."

पाळकबाई खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग जरा हसल्या. "एवढं विचारायला पाच महिने लागले तुम्हाला? माझ्या पर्सचा बंद तुटायला आला ती पानं सांभाळून."

मग सगळं सांगितलं. ती त्या चर्चच्या शिवणघरात तपासनीस आहे. नवरा सुतारकाम करतो, भला आहे. आई गेल्याचं पाळकसाहेबांनी तेव्हा शोध काढून कळवलं होतं. ती महिनाभर मशीनवर बसली नाही. हा वर्ग तिनेच तिकडच्या मंडळींच्या मागे लागून सुरू करवला. तिच्या गावच्या बायकांना मशीनवर बसायला मिळावं म्हणून. दोन अटी घातल्या. बेतायला बाबाच हवेत. आणि बाबांनी स्वतःहून विचारल्याशिवाय माझं नाव सांगायचं नाही.

"असं का?" मी विचारलं.

"ती म्हणते, पत्राला उत्तर आलं नाही. म्हणजे त्यांना नको असेल. लादून घ्यायचं नाही."

मी पाळकबाईंना कॉलरचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. तेवढ्यात बडबडी आली. आमच्या दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "काय झालं? ऑर्डर गेली?"

"नाही," पाळकबाई म्हणाल्या, "आली."

२ ऑगस्ट

फ्रॉक झाला. बेतला मी, शिवला मी, कोणाला हात लावू दिला नाही. फक्त कशिद्याचं फूल लाजरीने काढलं, तिने मागून घेतलं ते. सुईत दोरा मात्र बडबडी ओवून देते. "मास्तर, नातीचा फ्रॉक आहे, दोरा तरी आमचा लागू द्या." खिसा डाव्या बाजूला. आतल्या कडा हाताने बांधल्या. सहा वेळा उलटा करून बघितला. ताई म्हणाली, "आता सातव्यांदा बघितलास तर झिजेल."

ताईलाही सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मला रेघेवरूनच कळलं होतं," आणि देवाचं नाव घेऊन खूप रडली. मग मला शिव्या दिल्या. बारा वर्षांच्या साठलेल्या.

पत्र लिहायचं होतं. पाळकबाई म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहिते. नको म्हटलं. चार दिवस चार कोरे कागद खराब केले. मग खिळ्याचा कॉलरचा फर्मा काढला. त्याची मागची बाजू कोरी आहे. त्यावर लिहिलं. पुढच्या बाजूला तिचंच कापलेलं अक्षर आहे, ते बघून तिला काय वाटेल याची धास्ती आहे. पण लपवून किती दिवस ठेवू? आणि तिच्या "रागावला नसाल तर"ला उत्तर द्यायचं, तर ते त्याच कागदावर द्यायला हवं.

कागद लहान, तोही गोलाई काढून कापलेला. जास्त मावत नाही. चुका असतील. लिहिलं ते असं:

"बाळे, राग नव्हता, मूर्खपणा होता. तुझ्या लेकीच्या फ्रॉकात दोन नाही, चार बोटं ठेवली आहेत. उसवायला तिकडे कोणाला देऊ नकोस. तिला घेऊन इकडे ये. मी उसवून देईन. बाबा."

घडी करून डाव्या खिशात ठेवलं. खिशाला वरून दोन कच्चे टाके घातले. पडू नये म्हणून.